उपासाच्या आड

"आदरणीय ताई,

ख्रिस्तात सलाम. मी अहिल्यानगर जिल्ह्यातली, वय 54, शाळेत शिक्षिका. आमच्या पणजोबांनी मिशनच्या काळात बाप्तिस्मा घेतला. त्याआधी गावच्या पाणवठ्यावर त्यांना पाय ठेवता येत नव्हता, असं आजी सांगायची. लग्न होऊन या चर्चच्या मंडळीत आले तेव्हापासून मी संडे स्कूलला शिकवते. महिला मंडळाची सेक्रेटरी होते. पगार झाला की दशांश आधी बाजूला काढते. उपासकाळात भस्म बुधवारापासून ईस्टरपर्यंत एकच वेळ जेवते. घरात दारूचा थेंब नाही, मुलांना कधी पत्त्यांना हात लावू दिला नाही.

मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याने मुलगी पसंत केली. नर्स आहे, आपल्याच पंथाची, गुणी. आई अंगणवाडीत सेविका. पण घराणं मूळचं वेगळ्या जातीतलं. आमच्याकडे त्यांच्याशी सोयरीक करत नाहीत. मी तोंडाने 'हो' म्हटलं, कारण मंडळीत नाही कसं म्हणणार? याच उपासकाळात एका शुक्रवारी बोलणी करायला त्यांच्या घरी गेलो. तिच्या आईने स्वयंपाक केला होता, पण माझा उपास होता म्हणून जेवता आलं नाही. ह्यांनी नुसता चहा घेतला. पुढच्या आठवड्यात ती माणसं आमच्याकडे आली. ती गेल्यावर मी कप घासले. घासून पालथे घातले आणि पुन्हा घासायला घेतले. मध्येच हात थांबला. मी हे काय करतेय?

तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. इतकी वर्षं पाळलं ते सगळं खोटंच होतं का? मनात हे असताना त्या मुलीशी गोड बोलणं हे ढोंग नाही का? त्यापेक्षा सरळ नकार देणं प्रामाणिक ठरणार नाही का? आणि मन साफ व्हावं म्हणून मेमधल्या लग्नापर्यंत आणखी कडक उपास धरू का?

ता. क. मुलाला हे सगळं सांगावं का?

— एक आई"

प्रिय भगिनी,

ख्रिस्तात सलाम. तुमच्या पत्रातली दोन्ही जातींची नावं मी गाळली आहेत. छापली असती तर वाचणाऱ्यांनी आधी तीच शोधली असती, आणि 'हे काही आपल्यातलं नाही' म्हणून पान उलटलं असतं. हे दुखणं कुठल्या एका घराण्याचं नाही. नगरकडे आहे, वसईकडे सोयरीक जमवताना आहे, आणि गोव्यात तर बामण, चारडो, सुदीर ही जातींची नावं बाप्तिस्म्यानंतर चारशेहून अधिक वर्षं टिकून राहिली. बहुतेक जण यावर बोलत नाहीत. तुम्ही लिहिलंत, आणि स्वतःला कुठेही सवलत न देता लिहिलंत, म्हणून मीही मोकळेपणाने उत्तर देते.

कप दोनदा घासल्याचं तुम्ही कळवळून लिहिलंय. त्याच्या जरा आधीचं एक वाक्य मात्र तुम्ही सहज लिहून पुढे गेलात: 'माझा उपास होता म्हणून जेवता आलं नाही.' मी तिथेच अडले. तुमचा उपास खरा होता, याबद्दल मला शंका नाही. पण तुम्हीच लिहिता की उपासकाळात तुम्ही एक वेळ जेवता. मग ते एक वेळचं जेवण त्या दिवशी त्यांच्या घरी करता आलं नसतं का? तिच्या आईने अंगणवाडी सांभाळून, होणाऱ्या विहीणबाई येणार म्हणून स्वयंपाक केला होता. तिच्या जागी तुमची थोरली नणंद असती, किंवा पाळकसाहेबांच्या घरी आग्रह झाला असता, तर तुम्ही 'आज संध्याकाळचं नको, आत्ताच जेवते' म्हणून पाटावर बसला असता की नाही? याचं उत्तर मला कळवायची गरज नाही, पण स्वतःला द्याच.

कारण माझ्या मते सगळी गोष्ट तिथे आहे. कप घासताना तुमचा हात थांबला. उपासाचं कारण सांगताना जीभ थांबली नाही. कपाला कसलीच आडोशाची जागा नव्हती, म्हणून ते तुम्हाला दिसलं. उपास पवित्र होता, म्हणून त्याच्या आड जे गेलं ते तुमच्याही नजरेला पडलं नाही.

मार्ककृत शुभवर्तमानाचा सातवा अध्याय आज घरी पुन्हा वाचा. संडे स्कूलला तुम्ही तो अनेकदा शिकवला असेल. परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारे यहूदी, तक्रार घेऊन येतात की येशूचे शिष्य हात न धुता जेवतात. मार्क तिथे मुद्दाम सांगतो की ही मंडळी बाजारातून आल्यावर हात धुतल्याशिवाय जेवत नसत, आणि प्याले, घागरी, पितळेची भांडी धुण्याचेही त्यांचे नियम होते. येशू त्यावर भांडी धुण्याबद्दल वाद घालत बसत नाही. तो एकदम आईबापांचा विषय काढतो. कोणी म्हणतो, 'तुम्हाला माझ्याकडून जे मिळायचं ते मी कुर्बान केलंय, देवाला वाहिलंय', आणि मग आईबापांसाठी काही करायला तो मोकळाच राहत नाही. देवाला वाहणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण इथे तिचा उपयोग कशासाठी झाला? देवाने ज्यांचा मान राखायला सांगितलं त्यांच्यापासून सुटका करून घेण्यासाठी. वाईट कृत्याच्या आड लपणारा माणूस आज ना उद्या सापडतो. देवाच्या नावाने केलेल्या चांगल्या कृत्याच्या आड लपणारा सापडत नाही, कारण सगळे त्याचं कौतुकच करतात.

त्याच अध्यायात पुढे येशू माणसाच्या अंतःकरणातून काय काय बाहेर निघतं ते सांगतो. चोऱ्या, खून, जारकर्म हे ऐकताना आपण निर्धास्त असतो, ते आपल्या घरचं नाही. यादीच्या शेवटाकडे 'अहंकार' येतो, तिथवर पोचेपर्यंत आपलं लक्ष उडालेलं असतं. कुळाचा अहंकार घरात दारू नसली तरी राहतो, पत्ते नसले तरी राहतो, आणि दशांशाच्या पाकिटाशेजारीही राहतो.

आता तुमचा पहिला प्रश्न, पाळलं ते सगळं खोटं होतं का. नाही. असं म्हणून स्वतःला फटके मारू नका, त्यातही एक प्रकारची सुटका असते. 'माझं सगळंच खोटं' म्हटलं की एका नेमक्या पापाकडे बघावं लागत नाही.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्या. त्यांनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. धर्मशास्त्रात त्यांच्याइतकं वाचन त्या काळी किती जणांचं असेल? त्या विचारपूर्वक ख्रिस्ती झाल्या होत्या. तरी 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी स्वच्छ सांगितलं की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा जीव असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. तो त्यांना भेटला बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी. मला त्यांच्या सांगण्यात आधीच्या वर्षांचा धिक्कार दिसत नाही. त्या वर्षांनी त्यांना जिथवर आणायचं तिथवर आणलं. पुढे पुणे जिल्ह्यातल्या केडगावला शेकडो अनाथ मुली आणि विधवांना पोटाशी धरणारी जी रमाबाई आपल्याला माहीत आहे, ती त्याच वाटेने आली.

तुमच्याही बाबतीत हेच म्हणेन. इतकी वर्षं वचन शिकवलं नसतं तर त्या दिवशी सिंकपाशी हात थांबला नसता. अनेकांच्या घरी असे कप घासले जातात, कुठे कुठे ते वेगळेच ठेवलेले असतात, आणि कुणाचा हात थांबत नाही. नियम पाळणं हे दोडक्याच्या मांडवासारखं आहे. मांडव नसेल तर वेल जमिनीवर सडतो, पण मांडव कितीही मजबूत बांधला तरी दोडकी वेलालाच लागतात. तुम्ही मांडवाकडे फळ मागत होतात. मांडव मोडू नका, दशांश बंद करू नका, संडे स्कूल सोडू नका. फक्त त्यांच्याकडून ते मागू नका जे त्यांना देता येत नाही.

दुसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्यात एक धोकाही आहे. मनात अढी आहे, मग गोड वागणं हे ढोंग, म्हणून प्रामाणिकपणे नकार द्यावा का? बाई, हा प्रामाणिकपणा तुमचा, पण त्याची किंमत भरणार ती मुलगी आणि तुमचा मुलगा. तुमचं अंतःकरण बदलेपर्यंत तिने उंबऱ्याबाहेर थांबावं, असं देवाने कुठे सांगितलंय?

इथे मला इतिहासातली एक गोष्ट सांगावीशी वाटते. दक्षिणेत तंजावर-मद्रासकडच्या जुन्या मंडळ्यांमध्ये वरच्या समजल्या जाणाऱ्या जातींचे ख्रिस्ती देवळात वेगळे बसत, प्रभुभोजनालाही वेगळे येत. 1833 साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी आज्ञापत्र काढलं की मंडळीतला जातिभेद निःसंदिग्धपणे, ताबडतोब आणि कायमचा सोडायचा. शेकडो लोक मंडळी सोडून गेले. तेव्हाही काही जण म्हणत होते की असा हुकूम काढून मनं बदलत नाहीत, हळूहळू शिकवा, वेळ द्या. मनं हुकुमाने बदलत नाहीत हे खरंच होतं. पुढेही सोयरिकी जातीतच होत राहिल्या, हे आपण बघतो. तरी मी बिशपांच्या बाजूची आहे. कारण ज्यांना मागे बसवलं जात होतं, त्यांनी पुढच्यांचं मन द्रवायची वाट आणखी किती पिढ्या बघायची? नियम पाळणाऱ्याचं अंतःकरण नियमाने बदलत नाही, पण समोरच्या माणसाला त्या अंतःकरणाचा तडाखा बसायचा तो वाचतो. आंतरिक बदलाबद्दल बोलताना आपण बऱ्याचदा फक्त आपल्याच आत्म्याचा विचार करतो आणि ज्याला लागलं त्याला विसरतो.

म्हणून त्या मुलीशी तुम्ही चांगलंच वागायचं, मनात काहीही असो. ते ढोंग नाही. ढोंगी कोण? लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी आठवा. आठवड्यातून दोनदा उपास करतो, सगळ्या मिळकतीचा दशांश देतो, आणि हे तो खोटं सांगत नाही. त्याचं बाहेरचं वागणं आतल्यापेक्षा बरं होतं, हा त्याचा दोष नव्हे. आपल्या आत काही बघण्यासारखं आहे हेच त्याला माहीत नाही, आणि शेजारी उभ्या असलेल्या जकातदाराकडे बघून त्याला स्वतःबद्दल बरं वाटतं. तुम्ही छातीवर हात मारून घेणाऱ्या त्या जकातदाराच्या बाजूला आहात. आतल्या पापाविरुद्ध हातपाय चालवणं आणि आतलं पाप झाकायला हातपाय चालवणं, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. देवाला फरक कळतो, आणि तुम्हालाही कळतो.

पेत्राची गोष्टही याच वळणाची आहे. प्रेषितांच्या कृत्यांत, दहाव्या अध्यायात, तो योप्पात समुद्राकाठी कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी उतरला होता. त्या काळी तो धंदा विटाळाचा मानत, तरी पेत्र तिथे राहिला. म्हणजे एक रेघ त्याने ओलांडली होती. पण परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्यांच्या, घरी जाण्याची दुसरी रेघ तशीच होती, आणि ती पुसायला देवाला तीन वेळा तोच दृष्टांत दाखवावा लागला. मग तो कर्नेल्य नावाच्या परराष्ट्रीयाच्या घरी गेला आणि म्हणाला की कोणत्याही माणसाला अशुद्ध म्हणू नये हे देवाने मला दाखवलंय. झालं, बदलला! पण गलतीकरांच्या पत्रात, दुसऱ्या अध्यायात पौल सांगतो की हाच पेत्र अंत्युखियात परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे, आणि यरुशलेमेहून काही माणसं आल्याबरोबर त्यांच्या भीतीने ताटावरून बाजूला झाला. पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सांगितलं. पेत्राला जे दिसलं होतं ते खरंच होतं, त्याचं मत बदललं नव्हतं. पण 'आपली माणसं काय म्हणतील' हा धाक पंगतीपर्यंत पोचला.

यातून मी दोन गोष्टी घेते. तुमच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्याभोवतीची एक रेघ पुसली गेली. ज्याला पाणवठा बंद होता त्याला देवाच्या मेजावर जागा मिळाली. त्या जागेवर बसलेल्या त्यांच्या पणतीने आणखी एक रेघ आपल्या खालच्या बाजूला आखलेली आहे. हे कठोर वाटेल, पण तुमच्या आजीने पाणवठ्याची आठवण ज्या मनाने सांगितली असेल, ते मन तुम्हाला माझ्यापेक्षा ठाऊक आहे. दुसरी गोष्ट म्हणजे अंतःकरण एकदा बदललं की कायमचं सुटलो, असं पेत्राच्या बाबतीतही झालं नाही. तुमच्याही होणार नाही. लग्नात एखादी मामी हळूच कानाशी लागेल, पुढे नातवंडं झाली की कोणी रंगावरून, नाकावरून काही बोलेल, आणि ते जुनं पुन्हा वर येईल. तेव्हा 'माझं मन बदललंच नव्हतं' असा निष्कर्ष काढू नका. ताटावर परत जा.

मन खरोखर कसं बदलतं, हे तुम्ही थेट विचारलं नाही, पण सगळ्या पत्राखाली तोच प्रश्न आहे. इथे तुमच्याच जिल्ह्यात राहिलेली एक बाई माझ्या डोळ्यांपुढे येते. लक्ष्मीबाई टिळक सोवळ्याच्या घरात वाढल्या. त्यांच्या वडिलांचं सोवळं इतकं टोकाचं की मीठसुद्धा धुऊन घेत, असं त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लिहिलंय. पती नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळलं. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. परत आल्या त्याही आपलं सोवळं सांभाळूनच. आणि मग राहुरीला असताना त्यांनी स्वतःच बसून विचार केला की माणूस देवाने केला हे खरं, पण ही जात देवाने केली की माणसाने? उत्तर मिळाल्यावर त्यांनी ठरवलं की यापुढे कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. बाप्तिस्मा त्यांनी त्यानंतर, 1900 साली घेतला. बाप्तिस्म्याची अट म्हणून जात सोडली नव्हती. जात आधीच गळून पडली होती.

त्यांचा क्रम आपल्या उलट होता. तुमच्या-माझ्या घरात बाप्तिस्मा कित्येक पिढ्यांपूर्वी झाला. पण लक्ष्मीबाईंनी बसून जो विचार केला, तो वारशाने मिळत नाही. तुमच्या पणजोबांनी तो कदाचित केला असेल. आजीने, आईने केला होता का, माहीत नाही. तुमच्या वाट्याचा तुम्हालाच करायचा आहे, आणि सिंकपाशी त्याची सुरुवात झालेली आहे. प्रश्नही लक्ष्मीबाईंचाच घ्या. ही उतरंड देवाने केली आहे का? केली असेल तर ती मंडळीत उघड सांगा. केली नसेल, तर ज्या गोष्टीसाठी तुम्ही त्या बाईच्या घरचं अन्न नाकारलंत ती कुणाची आहे?

पौलानेही आपल्या कुळाची यादी फिलिप्पैकरांना लिहून दाखवली आहे: इस्राएल वंशाचा, बन्यामीन कुळातला, इब्र्यांचा इब्री. आणि मग म्हणाला की ख्रिस्तापुढे मी हे सगळं केरकचरा मानतो. त्याने कुळ लपवलं नाही, त्याबद्दल लाजही धरली नाही. त्याची किंमत मात्र शून्य केली. हे त्याला कोणी नियम म्हणून सांगितलं नव्हतं. त्याला ख्रिस्त इतका मोलाचा वाटला की बाकीचं हातातून सुटलं. जकातदार जक्कयाचंही तेच. येशू त्याला कुठलीच अट घालत नाही, फक्त म्हणतो की आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. नियमशास्त्राप्रमाणे अपराध कबूल करून भरपाई करणाऱ्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा असे, गणनाच्या पाचव्या अध्यायात ते आहे. जक्कय चौपट द्यायला उभा राहतो आणि अर्धी मिळकत गरिबांना देतो. म्हणून कोणी म्हणालं की आता मन बदललं, नियमांची गरज काय, तर त्याला जक्कय दाखवावा. मन बदललेला माणूस नियमाच्या अलीकडे थांबत नाही, पलीकडे जातो.

तिसरा प्रश्न, आणखी कडक उपास. नको. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात लोक देवाला विचारतात की आम्ही उपास करतो ते तू बघत का नाहीस? देव सांगतो, मला पसंत असलेला उपास म्हणजे दुष्टतेच्या बेड्या तोडणं, भुकेल्याला आपल्यातलं अन्न देणं, आणि आपल्याच रक्तामांसाच्या माणसापासून तोंड न लपवणं. तुमच्या बाबतीत तर देव याहून सोपं मागतो आहे, असं मला वाटतं. तुम्हाला अन्न द्यायचंही नाही, दुसऱ्याने रांधलेलं घ्यायचं आहे. काही माणसांना ते देण्यापेक्षा जड जातं.

म्हणून त्या मुलीच्या आईला फोन करा. 'त्या दिवशी तुम्ही एवढं केलंत आणि मी जेवले नाही, मनाला लागून राहिलंय, कधी येऊ?' इतकंच बोला. ह्यांनाही घेऊन जा. त्यांनी त्या दिवशी फक्त चहा का घेतला, हेही घरी एकदा बोलायला हवं, तो तुम्हा दोघांचा विषय आहे. तिथे जेवायला बसा, तिने वाढलेलं खा, दुसऱ्यांदा मागून घ्या. तिच्या घराण्याची विचारपूस करा. त्यांच्याकडे पहिला बाप्तिस्मा कुणाचा झाला, कुठल्या गावी, त्यांना काय सोसावं लागलं. आजीच्या पाणवठ्याची गोष्ट तिला सांगा. तिच्याकडेही तशीच एखादी असण्याची शक्यता मोठी आहे.

मात्र तिच्यापुढे कबुली देऊ नका. 'माझ्या मनात तुमच्या जातीबद्दल असं असं होतं, क्षमा करा' म्हणून तुम्ही रडाल, हलक्या व्हाल, आणि ते ओझं ती बाई आयुष्यभर वाहील. कबुली देवापुढे द्या, आणि नेमक्या शब्दांत द्या. प्रार्थनेत 'माझ्या उणिवांची क्षमा कर' असं मोघम म्हणायची आपल्याला सवय असते. त्याऐवजी जातीचं नाव घ्या, उपासाचं नाव घ्या, त्या कपांचं नाव घ्या. यहेज्केलाच्या छत्तिसाव्या अध्यायात देव पाषाणाचं हृदय काढून मांसाचं देण्याचं वचन देतो. ते मागा. ते देणं त्याचं काम आहे, उपासाचं नाही. एखाद्या जाणत्या, तोंडाने घट्ट मैत्रिणीलाही सांगा, जी तुम्हाला लग्नानंतर सहा महिन्यांनी विचारेल की आता कसं आहे.

आणि एक कळकळीची विनंती. या मुलीला आपलं प्रायश्चित्त करू नका. 'मी हिला सून करून घेतली' हे मनातल्या मनातही पुण्याच्या खात्यावर मांडू नका, महिला मंडळात कुणी 'तुम्ही किती मोठ्या मनाच्या' म्हणालं तर ते स्वीकारू नका. तसं झालं तर दशांश, उपास, संडे स्कूल यांच्या ओळीत आणखी एक पाळलेली गोष्ट तेवढी वाढेल, आणि ही गोष्ट एक जिवंत माणूस असेल, जिला आयुष्यभर आपल्यावर झालेल्या उपकाराचा वास येत राहील. ती तुमच्या घरात मुलगी म्हणून येतेय. तिचं चुकेल तिथे बोला, तुमचं चुकेल तिथे तिचं ऐका, तिच्या हातची आमटी खारट झाली तर खारट म्हणा. ज्या दिवशी तिच्यावर रागावताना तिची जात मनात येणार नाही, त्या दिवशी आत काही हललंय असं समजा. तो दिवस कदाचित तुमच्या लक्षातही येणार नाही.

मुलाला सांगावं का? लग्नाआधी आपणहून नको. त्याच्यावर आणि त्या मुलीवर आत्ताच पुष्कळ भार आहे. पण पुण्यात राहणारा, स्वतः मुलगी निवडणारा तुमचा मुलगा आंधळा नाही. आई त्या शुक्रवारी का जेवली नाही, हे त्याने बहुधा ओळखलेलं असेल. त्याने विचारलं तर खोटं बोलू नका. 'हो, माझ्या मनात होतं, आणि मी त्याच्याशी भांडतेय' एवढं सांगितलंत तर तुम्ही त्याला संडे स्कूलात जे शिकवलंत त्याहून ते त्याच्या जास्त लक्षात राहील.

फोन मात्र ईस्टर होऊ द्यावा म्हणून लांबवू नका. उपासकाळ चालू आहे तोवरच जा, आणि दिवसाचं ते एक वेळचं जेवण तिथे करा. अंगणवाडीच्या वेळा सांभाळून त्यांना कुठला दिवस सोयीचा पडतो ते त्यांनाच विचारा.

ख्रिस्तात तुमची,
ताई